सातबाऱ्यावर न लागलेली दोन नावे: हक्कसोड, भूसंपादनाचा मोबदला आणि दोन बहिणींचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका बागायती तालुक्यातील असून तालुका विधी सेवा समितीने नेमलेल्या वकिलांनी ते हाताळले. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि त्यातून उभे राहिलेले कायदेशीर प्रश्न मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

वडील २०१८ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली होत्या. आजोबांकडून आलेली ३ हेक्टर २० आर जमीन, त्यात एक विहीर आणि गावठाणात राहते घर एवढी मिळकत होती. थोरल्या मुलीचे लग्न १९८९ मध्ये झाले होते आणि ती शेजारच्या जिल्ह्यात नांदत होती. धाकटी मात्र पतीच्या निधनानंतर माहेरी परत आली होती; घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहून ती शिवणकामावर मुलाचे शिक्षण करत होती. भाऊ शेती पाहत होता आणि आई त्याच्याकडेच होती.

या कुटुंबात कोणाचा हिस्सा किती, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने फारसा अवघड नव्हता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका सहदायिक हक्क (म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने मिळणारा वाटा) दिला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क कायम राहतो. जमीन वडिलोपार्जित धरली तर वडील, आई आणि तीन अपत्ये यांचे प्रत्येकी एक पंचमांश हिस्से होतात आणि वडिलांचा एक पंचमांश पुन्हा चौघांत सारखा वाटला जाऊन प्रत्येकाकडे एक चतुर्थांश येतो. जमीन वडिलांची स्वतंत्र मालकीची धरली तरी चार वारसांना एक चतुर्थांशच मिळतो. म्हणजे ज्या मुद्द्यावर अशा दाव्यांत वर्षे जातात, तो मुद्दा इथे आकड्याला धक्काही लावत नव्हता.

वडिलांच्या कार्याच्या दिवसांतच एक कागद तयार झाला. १०० रुपयांच्या मुद्रांकावर दोन्ही बहिणींनी लिहून दिले होते की, ‘आम्हांस आमचा हिस्सा रोख स्वरूपात मिळाला असून आमचा कोणताही हक्क राहिलेला नाही.’ रक्कम किती, हे कोठेही लिहिलेले नव्हते आणि प्रत्यक्षात एक रुपयाही मिळालेला नव्हता. गट क्रमांकाची जागा टंकलिखित मजकुरात मोकळी सोडून नंतर वेगळ्या शाईने भरलेली होती. मुद्रांक वडिलांच्या निधनानंतर तिसऱ्या दिवशी भावाच्या नावाने खरेदी झाला होता, म्हणजे घरी सुतक असतानाच कोणीतरी या कामाला लागले होते. हा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवला गेला नाही. तरीही त्याच्या आधारे वारस फेरफार (महसुली दप्तरात मृताच्या जागी वारसांची नावे लावणारी नोंद) मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर फक्त भाऊ व आई यांची नावे लागली.

समस्या

पुढची चार वर्षे कोणी काही बोलले नाही. बहिणींना दिवाळीला साडीचोळी मिळत होती आणि धाकटीला राहायला दोन खोल्या होत्या. २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी या गटातील ४८ आर क्षेत्र संपादित होऊ लागले. मोबदला ठरवण्यापूर्वी हितसंबंधितांचे दावे मागवणारी जाहीर सूचना स्थानिक वृत्तपत्रांत देणे राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ प्रमाणे बंधनकारक आहे. तीच सूचना थोरलीच्या मुलाच्या वाचनात आली. मोबदला सुमारे ९६ लाख रुपये होणार होता आणि यादीत मामाचे व आजीचे नाव होते.

थोरलीने भावाला विचारले तेव्हा त्याने दोन कारणे सांगितली. एक, हक्कसोड झालेली आहे. दोन, तिचे लग्न १९९४ पूर्वीचे असल्याने तिला मुळात हक्कच नाही. हे दुसरे कारण गावोगावी आजही खात्रीने सांगितले जाते आणि त्याला एक जुना आधार आहे: महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायिक हक्क दिला तेव्हा त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद उरला नाही. पण रद्दबातल झालेला नियम लोकांच्या तोंडी कायद्यापेक्षा जास्त काळ टिकतो, विशेषतः तो कोणाच्या तरी सोयीचा असेल तर.

धाकटीची अडचण वेगळी होती. तिला हिस्सा हवा होता, पण ज्याच्याविरुद्ध मागायचा त्याच्याच छताखाली ती राहत होती. पहिल्या भेटीत तिने वकिलांना जो प्रश्न विचारला तो जमिनीचा नव्हता. ‘मी सही केली तर त्याच रात्री मला कुठे जायचं?’ असे तिने विचारले. आई त्या वेळी पूर्णपणे मुलाच्या बाजूने होती.

विचारात घेतलेले पर्याय

काहीच न करणे हा पहिला पर्याय होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हिस्सा मागितला की माहेर तुटते, हा अनुभव खरा आहे आणि त्याची किंमत पैशात मोजता येत नाही. थोरलीच्या सासरचेही सुरुवातीला याच मताचे होते.

दुसरा पर्याय महसुली अपिलाचा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे फेरफाराविरुद्ध अपील करता येते. मात्र मुदत ६० दिवसांची असल्याने चार वर्षांच्या विलंबाची माफी आधी मिळवावी लागणार होती. शिवाय फेरफाराची नोंद मालकी ठरवत नाही. ती नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते एवढेच.

तिसरा पर्याय दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि सोबत मनाई हुकमाचा अर्ज. इथे दाव्याची मांडणी कशी करायची यावर बराच विचार झाला. हक्कसोडपत्र ‘रद्द करावे’ अशी मागणी केली असती तर तीन वर्षांच्या मुदतीचा आक्षेप लगेच आला असता, कारण कागदावर सह्या बहिणींच्याच होत्या आणि तो २०१८ चा होता. त्याऐवजी असे मांडायचे ठरले की, स्थावर मिळकतीतील हक्क सोडणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवलाच पाहिजे आणि नोंदणी नसेल तर कलम ४९ प्रमाणे त्याचा त्या मिळकतीवर काही परिणाम होत नाही. म्हणून बहिणींचे हक्क कधी गेलेलेच नाहीत आणि त्या फक्त आपल्या हिश्श्याचे वाटप मागत आहेत. विरुद्ध बाजू या कागदाला ‘आधी झालेल्या कौटुंबिक व्यवस्थेची टिपण’ म्हणेल आणि अशा टिपणाला नोंदणी लागत नाही असा युक्तिवाद करेल, हा धोका होताच.

चौथा पर्याय संपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेण्याचा होता. मोबदल्याच्या वाटणीबाबत वाद असल्यास राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३एच, पोटकलम ४ प्रमाणे तो वाद मूळ अधिकारितेच्या प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. वेळ याच पर्यायाला सर्वांत कमी होता. जमीन कोठे पळून जात नाही, पण खात्यात जमा झालेली रक्कम आठवड्याभरात ट्रॅक्टर, प्लॉट आणि उधारीत विरघळते आणि मग हुकूमनामा मिळूनही वसुलीच्या मागे फिरावे लागते.

तडजोडीचा पर्याय सर्वांनाच हवा होता. पण पैसे भावाच्या हातात असताना होणारी तडजोड आणि पैसे न्यायालयात जमा असताना होणारी तडजोड यांत दोन्ही बाजूंचे बळ अगदी वेगळे असते, हे वकिलांनी पहिल्याच बैठकीत सांगितले.

केलेली कार्यवाही

सर्वप्रथम विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली दोघींना मोफत वकील मिळाला. या कलमात स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. थोरलीच्या घरी बऱ्यापैकी शेती असल्याने आपल्याला ही मदत मिळणार नाही असे ती धरून चालली होती. प्रत्यक्षात अर्ज एका पानाचा होता.

त्यानंतर एकाच आठवड्यात महसुली अपील आणि मोबदल्यावरील हरकत दाखल झाली. हरकतीसोबत वडिलांचा मृत्यू दाखला, दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले, वारस फेरफाराची नक्कल आणि नोंदणी नसलेल्या हक्कसोडपत्राची प्रत जोडली. कार्यालयात पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच मिळाले: सातबाऱ्यावर नाव नाही, कोर्टाचा आदेश आणा. वकिलांनी वाद घातला नाही. अर्ज आवक शाखेत दिला, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का आणि आवक क्रमांक घेतला आणि अर्जाच्या शेवटी एवढीच विनंती ठेवली की, हरकत फेटाळायची असल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा. तोंडी नकार देणे सोपे असते. वाद दिसत असताना तो न्यायालयाकडे का पाठवला नाही, हे सहीनिशी लिहिणे अवघड जाते. काही आठवड्यांनी रक्कम वाटपाविना रोखली गेली आणि प्रकरण जिल्हा न्यायालयाकडे पाठवले गेले. रक्कम न्यायालयात जमा होऊन मुदत ठेवीत गेली.

प्रकरण न्यायालयाकडे पाठवल्याच्या पत्राची प्रत भावाला मिळाली त्याच दिवशी घरातले वातावरण बदलले. धाकटीच्या खोल्यांची वीज तोडली गेली आणि सामाईक स्वयंपाकघराला कुलूप लागले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा फक्त पती आणि सासरविरुद्ध वापरायचा असतो, असा समज वकिलांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात या कायद्यातील ‘कौटुंबिक नातेसंबंधा’त रक्ताचे नाते येते, एकत्र घरात राहणाऱ्या भावाविरुद्ध बहीण अर्ज करू शकते, कलम १७ प्रमाणे तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे आणि राहत्या घराच्या सोयी तोडणे हा आर्थिक छळाचा प्रकार ठरू शकतो. संरक्षण अधिकाऱ्यांनी घरगुती घटना अहवाल तयार केला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी कलम २३ खाली अंतरिम आदेश देऊन तिला बाहेर काढण्यास मनाई केली व वीज पूर्ववत करायला सांगितली.

वाटपाचा दावा यानंतर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दाखल झाला. भावाने लेखी कैफियतीत २००१ मध्ये वडील आणि तो यांच्यात तोंडी वाटप झाल्याचे नव्याने सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटपे २००५ च्या दुरुस्तीने बाधित होत नाहीत हे खरे. पण हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ मधील स्पष्टीकरणात वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेले वाटप, असे म्हटले आहे आणि तोंडी वाटपाचा बचाव सहजी मानू नये, अपवादात्मक प्रसंगी सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असेल तरच विचार करावा, हे विनिता शर्मा निकालाने सांगितले आहे. शिवाय २००१ मध्ये वाटप झाले होते तर २०१८ मध्ये हक्कसोड कशाची घेतली, या प्रश्नाला भावाकडे उत्तर नव्हते. एक बचाव दुसऱ्याला खोटे पाडत होता.

निर्णायक वळण

प्रकरण मिटले ते युक्तिवादाने नव्हे. मध्यस्थीच्या दुसऱ्या बैठकीत मध्यस्थांनी आईशी स्वतंत्र बोलण्याचा आग्रह धरला. तोवर आईला सगळेजण भावाच्या बाजूची साक्षीदार समजत होते. ती स्वतः एक चतुर्थांशाची वाटेकरी आहे हे जणू कोणाच्या लक्षातच नव्हते. बोलताना कळले की, मोबदला उचलण्यासाठी तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र घेतले आहे, तिचे स्वतंत्र बँक खाते नाही आणि मुलासोबतच्या संयुक्त खात्याचे पासबुक तिने पाहिलेले नाही. तुमच्या वाट्याचे २४ लाख रुपये कोणाच्या खात्यात जाणार, हे मध्यस्थांनी साध्या शब्दांत सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. पुढच्या बैठकीला तिने आपले खाते वेगळे उघडून द्यावे, अशी मागणी केली. त्यानंतर भावाची भाषा मवाळ झाली.

निष्पत्ती

२०२४ मध्ये लोकअदालतीत तडजोड होऊन निवाडा झाला. अशा निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याविरुद्ध अपील नसते. मोबदल्याचे चार समान भाग होऊन प्रत्येकाची रक्कम थेट त्याच्या स्वतंत्र खात्यात गेली. उरलेल्या २ हेक्टर ७२ आरपैकी धाकटीने आपल्या पूर्ण ६८ आरऐवजी विहिरीलगतचे ४० आर आणि राहत्या दोन खोल्यांची मालकी घेतली. थोरलीने जमिनीतील हिस्सा भावाच्या नावे सोडला. या वेळी नोंदणीकृत दस्ताने, ८ लाख रुपये बँकेमार्फत घेऊन आणि रक्कम दस्तात लिहून.

थोरलीचे ८ लाख बाजारभावाच्या मानाने कमीच होते. महामार्गालगतच्या जमिनीला त्याहून बरीच जास्त किंमत आली असती, आणि वकिलांनी तिला तसे स्पष्ट सांगितले होते. तिने ते ऐकून घेतले आणि तरीही तोच आकडा ठेवला. तिला भाऊबीजेला माहेरी जाता यायला हवे होते. माझ्या मते कायद्याने या निवडीच्या आड येऊ नये. २०१८ च्या आणि २०२४ च्या हक्कसोडीत फरक आहे तो एवढाच की, दुसऱ्या वेळी आपण किती सोडत आहोत हे तिला ठाऊक होते आणि नाही म्हणण्याची खरी मोकळीक होती.

वेगळे काय करता आले असते

महसुली अपिलाचा फारसा उपयोग झाला नाही. विलंबमाफीवरच कित्येक महिने गेले आणि निकाल येण्याआधी तडजोड झाली. हातात नोंदणी नसलेला कागद आणि डोक्यावर मोबदल्याची घाई असताना ती शक्ती थेट दिवाणी दाव्यावर खर्च करणे अधिक योग्य ठरले असते. अपिलाने एक मात्र केले: नोंद वादग्रस्त असल्याचे सातबाऱ्याच्या कागदपत्रांत आले.

धाकटीच्या निवाऱ्याचा प्रश्न हरकत दाखल करण्याआधी सोडवायला हवा होता. तिने पहिल्याच भेटीत तो विचारला होता. संरक्षण अधिकाऱ्यांकडे आधी माहिती देऊन अर्ज तयार ठेवला असता तर कुलूप लागले त्याच दिवशी तो दाखल झाला असता. प्रत्यक्षात मध्ये गेलेले दिवस तिने शेजारणीकडे स्वयंपाक करून काढले. उलट बाजूने असेही म्हणता येईल की, आधीच असा अर्ज केला असता तर वाद चिघळला असता. पण ज्या पक्षकाराकडे जायला दुसरे घर नाही, तिच्याबाबतीत हा धोका पत्करणे मला रास्त वाटते.

आईशी स्वतंत्र बोलणे पहिल्या महिन्यात झाले असते तर दाव्याचा बराचसा भाग टळला असता. वाटपाच्या प्रकरणांत विधवा आईला मुलाच्या बाजूला गृहीत धरण्याची सवय दोन्ही बाजूंच्या वकिलांना असते.

कायद्यात आणि कार्यपद्धतीत काय हवे

हक्क देण्याचे काम कायद्याने २००५ मध्ये केले. या बहिणींचा हक्क गेला तो न्यायालयात नव्हे, तर फेरफार मंजूर करणाऱ्या टेबलावर, आणि संरक्षणही तिथेच हवे. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन स्वतंत्र बाबी आहेत. आधी सर्व वारसांची नावे लागली पाहिजेत आणि नंतर कोणाला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत दस्तावरून दुसरा फेरफार झाला पाहिजे. साध्या मुद्रांकावरील संमतीवरून वारसाचे नाव मुळातच वगळणारी नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करू नये आणि केल्यास त्याची जबाबदारी निश्चित व्हावी, एवढी एक गोष्ट कसोशीने पाळली गेली असती तर हे प्रकरण उभेच राहिले नसते.

दुसरी सुधारणा कायद्यात करावी लागेल. २०१८ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क भावाच्या नावे सोडण्यासाठी मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये होते. सवलतीचा हेतू कुटुंबातील व्यवहार सोपे करणे हा असला तरी तिचा उपयोग बहुतेक एकाच दिशेने होतो. शुल्क वाढवण्याची गरज नाही. मात्र मृत्यूनंतर ठराविक काळ, समजा सहा महिने, अशा दस्ताची नोंदणी होऊ नये, दस्तात सोडल्या जाणाऱ्या हिश्श्याचे शासकीय दराने मूल्य लिहिणे सक्तीचे असावे आणि दुय्यम निबंधकाने हक्क सोडणाऱ्या स्त्रीला नातेवाइकांच्या अनुपस्थितीत एकदा विचारावे. यांपैकी शेवटची अट कागदी ठरण्याचा धोका आहे, कारण दिवसभराच्या रांगेत कोणता अधिकारी किती वेळ देईल हे सांगता येत नाही. मूल्य लिहिण्याची अट तशी नाही. आकडा दस्तावर छापलेला असेल तर तो वाचून दाखवावाच लागतो.

भूसंपादनात सक्षम प्राधिकाऱ्याने फक्त सातबाऱ्यावर न थांबता मागील वारस फेरफार तपासावा आणि त्यात मुलींची नावे हक्कसोडीने वगळलेली असतील तर त्यांना व्यक्तिशः नोटीस द्यावी. जुने फेरफार त्याच महसुली यंत्रणेकडे असतात, त्यामुळे यासाठी वेगळा कायदा लागणार नाही. शासनाचे एक परिपत्रक पुरेल. या प्रकरणात ती सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर आली होती आणि भाच्याने ती वाचली नसती तर ९६ लाख रुपये दोनच नावांवर जमा झाले असते.